दुसऱ्याच्या शेतांतील कला



चित्र म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें चौकट येते आणि पुतळा म्हटला म्हणजे चौथरा येतो. चित्र भिंतीवर टांगावयाचें, पुतळा चौकांत बसवावयाचा, आणि कर्ता कोण हें खालच्या पट्टीवर वाचावयाचें, एवढाच आपला कलेशीं सामान्यतः व्यवहार असतो. प्रदर्शनास जाणारा गृहस्थ दालनांतून तासभर हिंडतो, बरोबरच्या मंडळींशीं दोन शब्द बोलतो व घरीं येतो. चित्र काढतांना कोणाला विचारावें लागलें, कोणाची जागा अडली, कोणी मदत केली, हे प्रश्न त्याला पडत नाहींत. आणि पडण्याचें कारणहि नसतें.

परंतु आज ज्या कलेची ओळख करून द्यावयाची आहे, तिच्या बाबतींत हेच प्रश्न प्रथम येतात. ही कला भाताच्या खाचरांत, ओस पडलेल्या घरांत आणि बंद झालेल्या शाळांत उभी राहते. ती योजणारा कलावंत पुष्कळदां परमुलखांतून आलेला असतो. पण जमीन गांवकऱ्यांची असते, आणि बहुतेक ठिकाणीं हातहि त्यांचेच लागतात. दुसऱ्याच्या जमिनीवर अशी कला उभी करावयाची म्हणजे काय करावें लागतें, आणि तिच्यामुळें गांवाच्या पदरांत काय पडतें, याचा विचार आपण करूं. उदाहरणादाखल मी जपानांतील एचिगो-त्सुमारी या मुलखाचें घेतों. कारण तेथें हा प्रयोग २००० सालापासून चालू आहे व त्याचे बरेवाईट परिणाम आतां तपासून पाहतां येतात.

प्रथम स्थळाची माहिती घेऊं. जपानच्या मुख्य बेटाच्या वायव्य बाजूस, समुद्राकडे तोंड करून, नीगाता नांवाचा प्रांत आहे. त्या प्रांतांतील तोकामाची हें शहर व त्सुनान हें गांव, आणि त्यांच्या हद्दींत मोडणाऱ्या डोंगराळ वाड्या, मिळून एचिगो-त्सुमारी होतें. क्षेत्रफळ सुमारें ७६० चौरस किलोमीटर. मधून शिनानो ही जपानांतील सर्वांत लांब नदी वाहते. मनुष्यवस्ती फार प्राचीन. सुमारें ५,००० वर्षांपूर्वींचीं, कांठावर ज्वाळा उसळल्यासारखी नक्षी असलेलीं मडकीं तेथें उकरून काढलेलीं आहेत. हिंवाळ्यांत समुद्रावरून येणारे वारे डोंगरांस अडतात आणि इतकें बर्फ पडतें कीं, दहा फूट थर साचला तरी तेथील माणसाला त्याचें नवल वाटत नाहीं. अशा मुलखांत शेतकऱ्यांनीं डोंगरउतार खणून पायऱ्यापायऱ्यांचीं भातखाचरें केलीं. जेथें सपाटी मिळेना तेथें नदीचें वळण तोडून पाणी दुसरीकडे वळविलें व कोरड्या पडलेल्या पात्रांत भात लावला. एवढ्यावरून त्या लोकांच्या चिकाटीची कल्पना करावी.

ही चिकाटी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निरुपयोगी ठरूं लागली. कारखाने शहरांत निघाले, तरुण मंडळी तोक्योकडे निघून गेली. त्यांतच १९७० च्या सुमारास देशांत तांदूळ गरजेपेक्षां अधिक पिकूं लागला म्हणून सरकारनें भाताखालची जमीन कमी करण्याचें धोरण धरलें. ज्या म्हाताऱ्यानें जन्मभर बांध घालून खाचर राखलें, त्याला सांगण्यांत आलें कीं, आतां पिकविलें नाहीं तरी चालेल. पोटाचा प्रश्न कदाचित् सुटला असेल. पण आपल्या कष्टाची कोणास गरज उरली नाहीं हें दुःख निराळेंच असतें. वाड्यांतून वृद्ध तेवढे राहिले, घरांना कुलुपें लागलीं आणि मुलें नाहींत म्हणून शाळा एकामागून एक बंद झाल्या.

या स्थितींत, १९९० नंतरच्या दशकांत, प्रांताच्या सरकारनें या भागाच्या पुनरुज्जीवनाची योजना हातीं घेतली व तिचें मार्गदर्शन फ्राम कितागावा या गृहस्थाकडे सोंपविलें. कितागावा यांचा जन्म १९४६ चा, याच नीगाता प्रांतांतला. व्यवसाय कलाप्रदर्शनें भरविण्याचा. त्यांनीं सुचविलें कीं, दर तीन वर्षांनीं येथें एक कलामहोत्सव भरवावा. परंतु त्याला एक सभागृह किंवा एक मैदान नसावें. देशोदेशींच्या कलावंतांनीं वाडीवाडींत जावें, तेथील माती, घरें, माणसें व इतिहास पाहून त्यांतूनच कांहीं तरी उभें करावें, आणि पाहणारांनीं डोंगरांतून हिंडत तें पाहावें. कोणी म्हणेल कीं, सर्व एका जागीं मांडलें असतें तर पाहणारांची सोय झाली असती. ही गैरसोय मुद्दाम पत्करलेली होती. एका वाडीहून दुसऱ्या वाडीस जातांना प्रवाशाला खाचरें, रानें, घरें आणि तेथें काम करणारीं माणसें दिसतात; कलाकृति हें तेथवर येण्याचें निमित्त होतें.

ही कल्पना ऐकून गांवकरी आनंदले असतील असें समजूं नये. स्थानिक सभासदांनीं व रहिवाशांनीं तिला विरोध केला. त्यांचा आक्षेप अगदीं सरळ होता. सरकारी पैसा खर्चावयाचा तर रस्ते करावे, दवाखाना काढावा; ज्याचा अर्थ शहरांतल्या शिकलेल्यांनाहि लागत नाहीं, अशी आधुनिक कला आमच्या शेतांत आणून काय होणार? हा आक्षेप खेडवळपणाचा म्हणून हंसण्यासारखा नाहीं. आपल्यापैकीं कोणाच्याहि परसांत उद्यां एक अनोळखी परदेशी मनुष्य येऊन लोखंडाची आकृति उभी करूं लागला, तर आपणहि हेंच विचारूं. कितागावा व त्यांचे सहकारी कित्येक वर्षें वाड्यावाड्यांतून सभा घेत राहिले. महोत्सव ठरल्या वेळीं भरूं शकला नाहीं, पुढें ढकलावा लागला. शेवटीं २००० सालच्या उन्हाळ्यांत पहिला महोत्सव झाला तेव्हां त्यांत २८ वाड्यांनीं भाग घेतला. शेंकडों वाड्यांच्या मुलखांत हा आंकडा लहान आहे. पण ज्यांनीं होकार दिला त्यांनीं समजून-उमजून दिला होता.

आतां कलावंताचें पहिलें काम कोणतें, हें पाहूं. तें काम म्हणजे परवानगी मागणें. या मागण्यांतूनच कलाकृतीला आकार कसा येतो, याचें चांगलें उदाहरण इल्या व एमिलिया काबाकोव्ह या दांपत्याच्या 'खाचरें' या कृतींत सांपडतें. हें दांपत्य मूळचें सोव्हिएट राज्यांतलें, पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेलें. मात्सुदाई नांवाच्या रेल्वेस्टेशनासमोर ओढ्यापलीकडे खाचरांची एक चढण आहे. ती त्यांनीं पसंत केली. परंतु ज्याचीं तीं खाचरें होतीं, त्या वृद्ध शेतकऱ्यानें प्रथम नकार दिला. वाडवडिलांनीं राखलेल्या जमिनींत पुतळे कशाला, असें त्याचें म्हणणें होतें. शिवाय त्याच्या हातून आतां शेती होण्यासारखी नव्हती. ती सोडून द्यावी असा त्याचा विचार चालला होता.

काबाकोव्ह यांनीं जी योजना त्याच्यापुढें ठेवली, तिचा विषय भातशेती हाच होता. नांगरणी, पेरणी, लावणी, कापणी आणि तांदूळ बाजारीं नेणें, हीं कामें करणाऱ्या शेतकऱ्यांच्या निळ्या व पिंवळ्या रंगांच्या सपाट आकृति खाचरांच्या बांधांवर उभ्या करावयाच्या. अलीकडच्या कांठावर एक सज्जा बांधून त्यापुढें मोठ्या अक्षरांचा मजकूर अधांतरीं टांगावयाचा. सज्जावर उभें राहून पाहिलें म्हणजे अक्षरें आणि पलीकडचें शेत एकावर एक पडतात, आणि पुस्तकाच्या सचित्र पानाप्रमाणें दोन्ही एकदम वाचतां येतात. हें चित्र पुरें होण्यास त्या खाचरांत खरें भात असावें लागतें. म्हणजे कलावंतानें शेतकऱ्याची जागा तर मागितलीच, पण त्याच्या कामाची महतीहि कबूल केली. तें पाहून शेतकऱ्यानें होकार दिला. आणि जो शेती सोडणार होता, त्यानें ती पुढें आणखी कांहीं वर्षें केली. त्याच्या हातून होईनासें झाल्यावर महोत्सवाशीं जोडलेल्या मंडळींनीं तीं खाचरें लावण्याचें काम अंगावर घेतलें. शेत पडीक पडलें तर कलाकृतीहि मोडेल, म्हणून शेत राखणें भाग पडलें.

ओस्कार ओइवा या, ब्राझिलांत जन्मलेल्या जपानी वंशाच्या चित्रकारानें याच पहिल्या महोत्सवांत बुजगावण्यांची कल्पना योजली. बुजगावणें आपल्यालाहि परकें नाहीं. परंतु ओइवानें जीं उभीं केलीं तीं निनांवी नव्हतीं. त्या त्या शेतांत राबणाऱ्या खऱ्या कुटुंबांतील माणसांच्या देहाकृतींवरून, त्यांच्याच उंचीच्या तांबड्या आकृति करून त्या त्यांच्याच शेतांत उभ्या केल्या, आणि प्रत्येकीवर त्या माणसाचें नांव लिहिलें. दिसावयास ही साधी गोष्ट आहे. पण ज्या माणसांची जगांत कोणी नोंद घेत नाहीं, त्यांना त्यांच्या बांधावर त्यांच्या नांवानें उभें करणें, यांत केवढा सन्मान आहे! पाहणाराला तेथें भाताचें शेत एवढेंच दिसत नाहीं. तें कोणाचें शेत आहे हेंहि कळतें.

युकिहिसा इसोबे यांची पद्धति निराळी. त्यांनीं २००० सालीं शेतांतून सुमारें ३॥ किलोमीटर लांबीवर ६०० पिंवळ्या काठ्या रोवल्या. त्या काठ्यांची वांकडीतिकडी ओळ कशाची, हें परक्याला कळेना. पण गांवच्या वृद्धांस तें सांगावें लागलें नाहीं. शिनानो नदी पूर्वीं जेथून वाहत होती, ती ती वाट होती. धरणें व वीजकेंद्रें यांमुळें नदीचें रूप पालटलें, पात्र बदललें, आणि नव्या पिढीला जुनी नदी ठाऊक राहिली नाहीं. काठ्यांनीं ती पुन्हां दाखविली. पुढें २०११ सालच्या मार्च महिन्याच्या १२ तारखेस या भागांत भूकंप होऊन डोंगराचा कडा चिखलासह खालीं घसरला. २०१५ च्या महोत्सवांत इसोबे यांनीं तो चिखलाचा लोंढा कोठवर आला होता त्या सीमेवर पुन्हां पिंवळ्या काठ्या रोवल्या. येथें सौंदर्याचा प्रश्न दुय्यम आहे. गांवानें जें सोसलें तें मोजून दाखविणें, एवढेंच कलावंतानें केलें.

परवानगीनंतर येतें तें प्रत्यक्ष काम, आणि तें एकट्याचें नसतें. डोंगरवाड्यांत सामान वाहून नेणारा, बांबू तोडणारा, सुतारकाम जाणणारा असा मनुष्य गांवांतलाच मिळावयाचा. पहिल्या महोत्सवापासून शहरांतून आलेल्या तरुण-तरुणींचें एक स्वयंसेवक पथक या कामास लागलें. त्याचें नांव 'कोहेबी-ताई', म्हणजे 'सापाच्या पिल्लांची पलटण'. आरंभीं हीं मुलें दारोदार जाऊन महोत्सवाची माहिती सांगत तेव्हां त्यांना दारें बंद झालेलीं पाहावीं लागलीं. ज्याला लावणी येत नाहीं, फावडें धरतां येत नाहीं, असा शहरी मुलगा दारीं आला म्हणजे म्हातारा कंटाळतो. पण तोच मुलगा पुन्हां पुन्हां येऊं लागला म्हणजे त्याला फावडें कसें धरावें तें दाखविल्याशिवाय त्याच म्हाताऱ्याला राहवतहि नाहीं. शिकविण्याचें नातें एकदां जुळलें म्हणजे परकेपण फार दिवस टिकत नाहीं, हा आम्हां शिक्षकांचा अनुभव आहे.

या नात्याची कसोटी लवकरच लागली. २००४ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या २३ तारखेस सायंकाळीं त्या प्रदेशांत मोठा भूकंप झाला. घरें खचलीं, रस्ते तुटले, आणि हिंवाळा तोंडावर आलेला. त्या वेळीं महोत्सवाच्या निमित्तानें येणारे स्वयंसेवक मदतीचें पथक करून पडझड आवरण्यास व घरें साफ करण्यास परत आले. भूकंपानंतर पुष्कळ कुटुंबांनीं गांव कायमचें सोडलें, त्यामुळें रिकाम्या घरांची संख्या आणखी वाढली. तेव्हां २००६ च्या महोत्सवांत या रिकाम्या घरांनाच कलेचा विषय करण्याचें ठरलें.

त्यांतील दोन घरांची हकीकत सांगतों. एक घर दीडशें वर्षांहून जुनें, डोंगरावरील एका वाडींतलें. जुनइची कुराकाके हे शिल्पकार व त्यांच्या विद्यापीठांतील विद्यार्थी यांनीं छिन्न्या व कोरण्या घेऊन त्या घराची आंतील प्रत्येक लांकडी बाजू कोरून काढली: जमीन, भिंती, खांब, तुळया, सारें कांहीं. चुलीच्या धुरानें काळें झालेलें लांकूड वरून खरवडलें गेलें आणि आंतला उजळ रंग वर आला. हें काम दोन वर्षांहून अधिक काळ चाललें होतें. घराचें नांव 'कात टाकणारें घर' असें ठेविलें. पाडून टाकण्याच्या लायकीचें म्हणून जें घर पडून राहिलें असतें, त्यांत आतां पाहुणे मुक्कामास राहतात.

दुसरें घर 'उबुसुना', म्हणजे 'जन्मभूमि' या नांवाचें. १९२४ सालीं बांधलेलें, पेंढ्यानें शाकारलेलें हें घर भूकंपांत नादुरुस्त झालें होतें. कुंभारकामांत नांवाजलेल्या कलावंतांनीं त्यांतील शेगडी, चूल, हात धुण्याचें कुंड आणि न्हाणी हीं मातीचीं घडवून भाजून बसविलीं. पण एवढ्यानें घर जागें झालें नसतें. त्याच वाडींतील बायकांनीं तेथें खाणावळ चालविली. स्वतःच्या परसांतील भाजी व शेतांतील भात त्या रांधूं लागल्या आणि त्या कलावंतांच्या भांड्यांतून पाहुण्यांस वाढूं लागल्या. पाहुणे चूल पाहण्यास येतात हें खरें. पण चूल पेटलेली असते म्हणून ती पाहण्यासारखी असते.

शाळांची गोष्ट मला अधिक जवळची वाटते, हें सांगितलें पाहिजे. जन्म फळ्यापुढें घालविलेल्या माणसास बंद पडलेल्या शाळेइतकें उदास दुसरें कांहीं दिसत नाहीं. तोकामाचींतील हाची नांवाच्या वाडींतील प्राथमिक शाळा २००५ सालीं बंद झाली, तेव्हां पटावर तीन मुलें उरलीं होतीं. सेइझो ताशिमा हे मुलांच्या चित्रपुस्तकांचे नामांकित चित्रकार. त्यांनीं २००९ सालीं ती सबंध शाळाच एक चित्रपुस्तक करून टाकली. नदी-समुद्रांतून वाहून आलेलीं लांकडें आणि रानांतील फळें व बिया यांपासून रंगीबेरंगी आकृति करून त्या वर्गांतून, जिन्यांतून व व्यायामशाळेंतून टांगल्या. गोष्टींतील पात्रें म्हणजे तींच शेवटचीं तीन मुलें. पाहणारा वर्गावर्गांतून चालत जातो आणि चालतां चालतां गोष्ट पुढें सरकते. या शाळेच्या देखभालींत गांवकरीच असतात.

याच्या उलट तऱ्हा फ्रेंच कलावंत क्रिस्त्यान बोल्तान्स्की यांची. त्यांनीं झां कालमन या प्रकाशयोजनाकारासह २००६ सालीं दुसऱ्या एका बंद शाळेंत 'शेवटचा वर्ग' नांवाची रचना केली. व्यायामशाळेंत अंधार, बाकांवर फिरते पंखे, वर टांगलेले मंद दिवे, गवताचा वास; वर्ग रिकामे. ताशिमांनीं मुलांना परत आणलें, बोल्तान्स्की यांनीं तीं गेलीं आहेत हें लपविलें नाहीं. यांपैकीं खरें कोणतें, असें कोणी विचारील. माझ्या मतें दोन्ही खरीं आहेत. आणि दोन्ही शाळा पाडून सपाट जागा केली असती, तर मात्र दोन्ही सत्यें हरवलीं असतीं.

येथवर ऐकून असें वाटेल कीं, कलेनें खेडीं तारलीं. तसें म्हणणें वस्तुस्थितीस सोडून होईल. महोत्सवाची भरभराट झाली, यांत संशय नाहीं. पहिल्या वेळीं सुमारें १ लाख ६० हजार लोकांनीं भेट दिली. २०१५ सालीं ही संख्या ५ लाखांच्या वर गेली. भाग घेणाऱ्या वाड्या २८ होत्या त्या २०१२ पर्यंत शंभरावर गेल्या. महामारीमुळें २०२१ चा महोत्सव २०२२ सालीं भरला, आणि २०२४ सालीं नववा पार पडला. सुमारें २०० कलाकृति तेथें कायम उभ्या आहेत. परंतु खानेसुमारी काय सांगते तेंहि पाहावें. २००५ सालीं तोकामाची शहराची लोकसंख्या ६२,००० होती; २०२० सालीं ती ५०,००० च्या आंत आली. म्हणजे महोत्सव चालू असतां, आणि तो यशस्वी होत असतां, गांवें रिकामीं होतच राहिलीं. शिवाय पाहुणे यावयाचे ते बहुतेक उन्हाळ्यांत. दहा फूट बर्फ उपसण्याची पाळी येते ती हिंवाळ्यांत, आणि तेव्हां घरांत दोन म्हातारीं माणसें असतात. घरें व कलाकृति राखण्यासहि पैसा व हात लागतात. गांवकरी दर वर्षीं वयानें वाढत आहेत.

मग हा सारा खटाटोप फुकट गेला काय? मला तसें वाटत नाहीं. औषधानें मरण टळत नसलें तरी शुश्रूषेचें मोल कमी होत नाहीं. ज्या म्हाताऱ्याला आपल्या कष्टाची कोणास गरज नाहीं असें वाटत होतें, त्याच्या बांधावर आतां दूरदेशींचा मनुष्य येऊन उभा राहतो आणि विचारतो, 'हा बांध कसा घातला?' उत्तर देणारा तो असतो, शिकणारा पाहुणा असतो. आणि थोडें कांहीं प्रत्यक्षहि घडलें आहे. पडीक पडूं पाहणाऱ्या खाचरांसाठीं 'खाचरांची पेढी' निघाली. शहरांतील कुटुंबें वर्षाची ठराविक रक्कम भरतात आणि त्यांच्या वांट्याचा तांदूळ त्यांना मिळतो. २०१५ सालीं तेथें स्त्रियांचा एक फुटबॉल संघ स्थापन झाला. त्यांतील मुली त्या मुलखांत येऊन राहतात, खेळाचा सराव करतात आणि याच खाचरांत लावणी-कापणीहि करतात. अशा मुलींची संख्या थोडी असली तरी त्या तेथें राहिल्या आहेत.

आतां या सर्वांशीं आपला संबंध काय, हेंहि सांगितलें पाहिजे. कारण तो आहे. याच तोकामाचीच्या डोंगरांत, महोत्सव निघण्याच्या पुष्कळ आधीं, १९८२ सालीं, एका बंद पडलेल्या शाळेच्या इमारतींत मिथिला संग्रहालय निघालें. बिहारांतील मिथिलेच्या स्त्रियांचीं चित्रें आणि आपल्या ठाणें-डहाणूकडील वारल्यांचीं चित्रें तेथें जमविलेलीं आहेत. वारली चित्रकारांनीं तेथें मुक्काम करून चित्रें काढलीं आहेत. उलट दिशेनेंहि वाहतूक झाली. जपानी मंडळींनीं भिंतींवरील चित्रांचा एक उत्सव २०१० सालीं बोधगयेजवळील सुजाता या गांवच्या शाळेंत सुरू केला. युसुके असाई या चित्रकारानें तेथें वर्गाच्या भिंतींवर स्थानिक मातीनेंच चित्रें काढलीं. पुढें २०१३ पासून तो उत्सव आजच्या पालघर जिल्ह्यांतील डहाणू तालुक्यांत गंजाड येथें आला, आणि शाळेच्या भिंतींवर वारली व जपानी चित्रकारांनीं शेजारीं शेजारीं काम केलें.

हें वाचून आपण परक्यांकडून नवें कांहीं शिकलों असें कोणी समजूं नये. वारल्यांच्या लग्नांत सुवासिनी गेरूनें सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. त्या चित्राखालीं कोणाची सही नसते. तें पुरें झाल्यावांचून लग्न लागत नाहीं, आणि लग्न झाल्यावर तें विकावयासहि काढीत नाहींत. ही संपूर्ण गांवाची कला आहे. पुढें जिव्या सोमा म्हसे यांनीं ती कागदावर व कापडावर आणली, जगांत नेली. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ सालीं ते वारले. कलेला घर सोडून जगांत जावें लागलें हें एक. आणि जगांतील कलावंत आतां घर शोधीत खेड्याकडे येऊं पाहत आहेत, हें दुसरें. या दोन वाटा जेथें भेटतात तेथें आपण सावध राहावयास हवें.

सावध कां, तें सांगतों. आपल्याकडेहि कोंकणांतील कित्येक घरें गणपतीपुरतीं व शिमग्यापुरतीं उघडतात, एरवीं कुलूप. घाटावरहि द्विशिक्षकी शाळा पटाअभावीं बंद होतात. अशा गांवांतून उद्यां कोणी उत्साही मंडळी कलामहोत्सव भरवूं म्हणतील आणि जपानचा दाखला देतील. दाखला द्यावा, पण तो पुरा द्यावा. महोत्सव भरवावयाचा म्हणजे शहरांतून रंगाचे डबे नेऊन गांवच्या भिंती दोन दिवसांत रंगवावयाच्या आणि छायाचित्रें काढून परतावयाचें, असें नव्हे. ज्याची भिंत त्याला आधीं विचारावें आणि त्यानें नाहीं म्हटलें तर तें ऐकावें. त्याच्या कामाचा, त्याच्या इतिहासाचा, त्याच्या नांवाचा त्या चित्रांत कांहीं तरी संबंध असावा. काम करतांना त्याचे हात घ्यावे आणि त्याची मजुरीहि द्यावी. आणि पाहुणे गेल्यावर पावसाळ्यांत तें कोण राखणार, याचा विचार पहिल्या दिवशीं करावा. एवढें जेथें होणार नाहीं, तेथें भिंत पांढरी राहिली तरी गांवाचें कांहीं बिघडत नाहीं.

मात्सुदाईच्या त्या शेतकऱ्यानें प्रथम नाहीं म्हटलें, हें त्याच्यावर व आपल्यावर मोठे उपकारच झाले असें मी समजतों. त्याच्या नकारामुळें कलावंताला आपली योजना नीट मांडावी लागली. आणि त्याचा होकार मिळाला तेव्हां तो एका अडाणी माणसानें मोठ्या कलावंतास दिलेला मान नव्हता, तर एका कामकऱ्यानें दुसऱ्या कामकऱ्यास दिलेला होता. खेड्यांतील कलेकडे पाहतांना आपण शहरांतील सुशिक्षित मंडळी 'याचा अर्थ काय?' असें विचारीत असतों. त्याआधीं 'हें कोणाच्या शेतांत आहे, आणि त्याला विचारलें होतें काय?' एवढें विचारण्याची संवय लावून घेतली, तर पुढच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर त्यांतच मिळेल.